निदानाचा अधिकार : मुंबई उपनगरातील संगणक-जाळे आणि बिघाड शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास (१९८६–२००५)

प्रस्तावना

भारतातील इंटरनेटचा इतिहास १५ ऑगस्ट १९९५ या तारखेपासून सुरू करण्याचा प्रघात पडला आहे. विदेश संचार निगमाने त्या दिवशी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली, हे खरेच आहे. तथापि त्यापूर्वी आठ-नऊ वर्षे मुंबईच्या उपनगरात, जुहू आणि पवई या दोन ठिकाणांदरम्यान, संगणकांचा आपापसातील पत्रव्यवहार सुरू झालेला होता. तो चालू ठेवण्यासाठी जे श्रम पडत, त्यांपैकी फार मोठा भाग बिघाड शोधण्याचा होता. उद्घाटनाचे छायाचित्र निघते आणि जपले जाते. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी वाचून घेतलेल्या बिघाडाच्या शोधाची नोंद मात्र काही दिवसांत पुसली जाते. हे केवळ आलंकारिक विधान नव्हे. त्या काळच्या युनिक्स संगणकांवर जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी आपोआप काढून टाकणारी आज्ञावलीच बसवलेली असे, कारण चकतीवर जागा थोडी असे. इतिहासकाराला हवे असलेले साधन यंत्र स्वतःच नष्ट करीत होते.

प्रस्तुत निबंधाचा विषय आहे सर्व्हरची निदान-अवस्था, म्हणजे ज्याला तंत्रज्ञ ‘डायग्नोस्टिक मोड’ अथवा ‘डीबग मोड’ म्हणतात ती. सर्व्हर नेहमीच्या अवस्थेत सेवा देतो आणि आतले काही दाखवत नाही. पत्र पोहोचले तर पोहोचले, नाही तर एक तुटक संदेश परत येतो. निदान-अवस्थेत तोच सर्व्हर आपण काय करीत आहोत, कोणाची वाट पाहत आहोत, समोरून काय आले आणि ते का नाकारले, हे पायरीपायरीने सांगू लागतो. काही वेळा त्यासाठी सेवा पूर्ण थांबवून यंत्र एकाच व्यक्तीच्या ताब्यात घ्यावे लागते. युनिक्समधील ‘सिंगल-यूझर’ अवस्था त्या प्रकारची. काही वेळा सेवा चालू असतानाच यंत्र बोलते. या दोहोंचा तांत्रिक इतिहास अन्यत्र लिहिला गेला आहे. येथे प्रश्न वेगळा आहे : यंत्राला बोलते करण्याचा अधिकार कोणाला होता, आणि त्या व्यक्तीला कोठपर्यंत पाहता येत होते? मुंबई उपनगराच्या उदाहरणावरून असे दिसते की, जाळ्याचा सहभागी कोण आणि नुसता ग्राहक कोण, हे या अधिकारावरून ठरत गेले.

पूर्वपीठिका : टेलिफोन एक्स्चेंजचे टेस्ट डेस्क

संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या रहिवाशांना निदान-अवस्थेचा परिचय होता, फक्त तो दारापलीकडून होता. टेलिफोन बंद पडला की शेजाऱ्याच्या वा दुकानातल्या फोनवरून १९८ हा क्रमांक फिरवायचा, तक्रार नोंदवायची आणि थांबायचे. एक्स्चेंजमधील टेस्ट डेस्कवर बसलेला कर्मचारी ग्राहकाची तारजोडी मुख्य वितरण चौकटीवर पकडून तिच्यावर मोजमापे घेई. तारांमधील आवरणाचा रोध किती, लूपचा रोध किती, बाहेरचा विद्युतदाब तारेत शिरला आहे काय, हे आकडे पाहिले की दोष ग्राहकाच्या उपकरणात आहे, खांबावर आहे की जमिनीखालील केबलमध्ये, याचा अंदाज बांधता येई. केबलमधील दोषाचे अंतर काढण्यासाठी ‘मरे लूप’ नावाची चाचणी होती. चांगली तार आणि दोषी तार दूरच्या टोकाला जोडायची, व्हीटस्टनच्या सेतूने दोन भुजांचे गुणोत्तर काढायचे, आणि त्यावरून रस्ता नेमका कोठे खणायचा ते ठरवायचे. पावसाळ्यात या चाचणीला उसंत नसे, कारण जुन्या केबलींत तारांना कागदाचे आवरण असे आणि शिशाच्या वेष्टणाला एक चीर गेली तरी कागद पाणी शोषून घेई.

हे सारे ज्ञान एक्स्चेंजच्या भिंतीआड होते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ४ ने तार यंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने हा कायदा मागे पडेपर्यंत त्या कलमाची छाया सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तेव्हा व्यवस्थापन बदलले; ग्राहकाचे स्थान बदलले नाही. त्याने लक्षण सांगायचे, निदान दुसऱ्याने करायचे आणि निदान काय झाले ते बहुधा त्याला कळायचेही नाही. ‘लाइन चेक केली, ठीक आहे’ हे उत्तर ज्याने ऐकले नाही असा उपनगरवासी विरळा.

जुहू आणि पवई

त्याच सुमारास उपनगरात एक वेगळी परंपरा रुजू लागली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक-गटातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., ही स्वतंत्र संस्था झाली. डॉ. एस. रमणी तिचे संचालक होते. जुहू येथील गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ हा तिचा पत्ता पुढे देशोदेशीच्या संगणक-अभियंत्यांना परिचित झाला. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अर्थसाहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. एन.सी.एस.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आय.आय.टी. आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे त्याचे आठ घटक होते. त्यांतील दोन, जुहूचे केंद्र आणि पवईची आय.आय.टी., एकाच उपनगरी पट्ट्यात होते. या दोहोंमध्ये साध्या टेलिफोनवरून मोडेमच्या साहाय्याने १९८६-८७ च्या सुमारास संगणकीय टपाल सुरू झाले.

या टपालाची पद्धत ‘यू.यू.सी.पी.’ नावाची होती. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी ती १९७६ मध्ये लिहिली. तिच्यात कायमची जोडणी नसे. एक संगणक दुसऱ्याला ठरल्या वेळी फोन लावी, नाव व संकेतशब्द सांगून आत शिरे, साठलेली पत्रे देई, तिकडची घेई आणि फोन ठेवी. १२०० बिट प्रति सेकंद वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम १२० अक्षरे जात. म्हणजे दोन हजार अक्षरांचे पत्र साधारण सतरा सेकंदांत पोहोचावे. हे गणित कागदावरचे. प्रत्यक्षात फोन लागणे, लागलेल्या फोनवर मोडेमांची शीळ जुळणे आणि शेवटपर्यंत लाइन स्वच्छ राहणे, या तिन्ही गोष्टी घडाव्या लागत.

म्हणूनच यू.यू.सी.पी.च्या रचनेत निदान-अवस्थेला मध्यवर्ती स्थान आहे. फोन लावणाऱ्या आज्ञावलीला एका विशिष्ट पर्यायासह ० ते ९ यांपैकी एक अंक देता येई. शून्य म्हणजे मौन, नऊ म्हणजे संपूर्ण कथन. १९८३ मध्ये हनीमन, नोविट्झ आणि रेडमन या तिघांनी तिची जी सुधारित आवृत्ती केली, तीत ‘यू.यू.-ट्राय’ नावाची छोटी आज्ञाच दिलेली होती. ती एका यंत्राला मुद्दाम फोन लावी, अंक न सांगितल्यास पाच ही पातळी धरी आणि संभाषणाची प्रत्येक ओळ पडद्यावर आणी. कोणता क्रमांक फिरवला, समोरून कोणती अक्षरे अपेक्षित आहेत, प्रत्यक्षात कोणती आली, मग काय पाठवले, हे सर्व एखाद्या नाटकाच्या संहितेसारखे उलगडे. अपेक्षित अक्षरांच्या यादीत ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर कटाक्षाने गाळलेले असे. काही यंत्रे ते मोठ्या लिपीत लिहीत, काही लहान. शिवाय लाइनवरच्या खरखरीत पहिलेच अक्षर हरवण्याचा संभव सर्वाधिक. हजारो बिघाडांचा अनुभव त्या एका गाळलेल्या अक्षरात साठलेला आहे. कोणत्याही अहवालापेक्षा ती अधिक बोलकी नोंद म्हणावी लागेल.

अशा दुव्यावरील निदानाची दोन वैशिष्ट्ये इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, ते दोन्ही टोकांच्या सहकार्याशिवाय अपुरे राही. इकडच्या पडद्यावर ‘उत्तर आले नाही’ एवढेच दिसे. का आले नाही, हे तिकडच्या यंत्राच्या नोंदीत असे. साहजिकच जुहूच्या अभियंत्याला पवईच्या अभियंत्याचा आवाज ओळखीचा असणे ही चैन नसून गरज होती, आणि संगणक बोलेनासे झाले की माणसांनी त्याच टेलिफोनवर बोलायचे असे. दुसरे वैशिष्ट्य गुप्ततेचे. सर्व काही सांगणाऱ्या यंत्राने संकेतशब्दही सांगावा काय? सुधारित आवृत्तीने यावर तोडगा काढला. ज्याला संकेतशब्दांची फाइल वाचण्याचा अधिकार नाही, त्याने निदान-अवस्था सुरू केली तर संकेतशब्दाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग उमटे. बिघाड शोधू द्यावा, पण किल्ली दाखवू नये, हा विवेक १९८३ मध्येच यंत्रात लिहिला गेला होता. तो सर्वत्र पाळला गेला असता तर पुढचा इतिहास थोडा निराळा झाला असता.

भिंतीपाशी थांबणारी नजर

नऊ क्रमांकाची पातळी लावली तरी अभियंत्याची नजर भिंतीवरच्या टेलिफोन-जोडणीपर्यंतच पोहोचे. त्यापलीकडची तारजोडी टेलिफोन निगमाची होती आणि तिच्या निदानाचा मार्ग तोच, १९८ क्रमांकाचा. संगणकाच्या अंतरंगातील प्रत्येक हालचाल वाचू शकणारा तज्ज्ञ भिंतीच्या बाहेर पाऊल टाकताच सामान्य तक्रारदार होई. शिवाय एक्स्चेंजच्या निकषानुसार जी लाइन ‘ठीक’ होती, ती मोडेमच्या दृष्टीने निरुपयोगी असू शकत असे. माणसाचा कान थोडी खरखर सहन करून शब्द समजून घेतो; मोडेमला ती सवलत नाही. यू.यू.सी.पी. मजकुराचे ६४ अक्षरांचे तुकडे करी, प्रत्येकाची बेरीज तपासून पाही आणि चुकीचा तुकडा पुन्हा मागवी. त्यामुळे लाइन खराब असली तरी पत्र अचूक पोहोचे, मात्र वेळ अनेक पटींनी वाढे. टेस्ट डेस्कच्या मापकावर हा वाढलेला वेळ दिसण्याची सोयच नव्हती.

या कोंडीतून वाट काढणारे साधन म्हणजे मोडेममधील ‘लूप’ चाचण्या. आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीच्या व्ही-५४ या शिफारशीत अशा चार लूप सांगितलेल्या आहेत. तिसरी लूप लावली की आपलाच मोडेम आपलेच संकेत परत वळवी. ते नीट परत आले तर आपले यंत्र निर्दोष. दुसरी लूप लावली की दूरच्या टोकाचा मोडेम संकेत परत धाडी. ते बिघडून आले तर दोष मधल्या लाइनीत किंवा पलीकडच्या मोडेममध्ये. पलीकडच्याने स्वतःची तिसरी लूप तपासून ‘आमचे ठीक आहे’ असे सांगितले की उरते ती केवळ लाइन. भाड्याच्या कायम लाइनींवर बसवलेल्या मोडेमांच्या दर्शनी भागावर या चाचण्यांची बटणेच असत. तांत्रिकदृष्ट्या ही साधी वजाबाकी आहे. सामाजिकदृष्ट्या तिचे मोल वेगळे : तक्रारदाराच्या हाती पुरावा आला. ‘आमची लाइन ठीक आहे’ या विधानाला ‘दोन्ही मोडेम निर्दोष आहेत, तरीही संकेत बिघडतो’ असे उत्तर देता येऊ लागले. टेस्ट डेस्कची मक्तेदारी कायद्याने मोडली नव्हती. बटणाने तिला पहिला तडा दिला.

उघडे राहिलेले दार

निदान-अवस्थेची दुसरी बाजू मुंबईपासून फार दूर उघड झाली, पण तिचा संबंध जुहूच्या यंत्रासारख्या प्रवेशद्वार-संगणकांशी थेट येतो. जुहूच्या ‘शक्ती’ नावाच्या संगणकातून देशातील टपाल परदेशी जाई. १९८८ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र केंद्राशी आणि पुढे अमेरिकेतील व्हर्जिनियातील ‘यू.यू.नेट’शी हा दुवा जुळला. अशा संगणकावर दोन पत्ता-पद्धतींची गाठ पडे. यू.यू.सी.पी.च्या पत्त्यात वाटेतील सर्व यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून लिहीत, म्हणजे प्रेषकालाच मार्ग ठाऊक असावा लागे. इंटरनेटच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ चिन्हापुढे मुक्कामाचे नाव असे, मार्ग यंत्राने शोधायचा. एकाच पत्त्यात दोन्ही चिन्हे आली तर प्रथम कोणते वाचावे? एका पद्धतीचे यंत्र डावीकडून सुरुवात करी, दुसरे उजवीकडून, आणि पत्र भलतीकडे जाई.

या भाषांतराचे काम बर्कली विद्यापीठातील एरिक ऑलमन यांनी लिहिलेला ‘सेंडमेल’ हा कार्यक्रम करीत असे. त्याचे नियम इतके दुर्बोध होते की ते तपासण्यासाठी खास पत्ता-परीक्षण अवस्था ठेवावी लागली. तीत एखादा पत्ता दिला की कोणत्या नियमसंचाने त्याचे कसे रूपांतर केले हे ओळीने दिसे, आणि पत्र मात्र जात नसे. ही अवस्था वापरण्यासाठी त्या यंत्रावर खाते लागे. पण सेंडमेलमध्ये आणखी एक आज्ञा होती : ‘डीबग’. ती टपालाच्या दारातूनच, कोणतेही खाते नसलेल्या दूरस्थ व्यक्तीलाही देता येई. तिच्यामुळे परीक्षकाला दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर न शिरता तेथील टपालव्यवस्थेची स्थिती पाहता येई, पत्राच्या पत्त्याऐवजी आज्ञांचा संचच धाडता येई. ठिकठिकाणचे व्यवस्थापक ती बंद करीत नसत, कारण सेंडमेल स्थानिक परिस्थितीशी जुळवणे इतके कटकटीचे होते की ही सोय गमावणे परवडत नसे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या स्वयंप्रसारी कार्यक्रमाने, म्हणजे ‘मॉरिस वर्म’ने, शिरकावासाठी जे मार्ग वापरले त्यांत हे निदानाचे दार होते. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा तेव्हाचा अंदाज सांगितला जातो. मॉरिसला १९९० मध्ये अमेरिकेच्या संगणक-गैरवापर कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. या प्रकरणानंतर लगोलग कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आणीबाणी प्रतिसाद गट स्थापन झाला.

भारतीय जाळ्याला या किड्याची लागण होण्याचा मार्गच नव्हता, कारण किड्याला समोरच्या यंत्राशी त्याच क्षणी चालू असलेली इंटरनेट जोडणी लागे; साठवून नंतर पाठवल्या जाणाऱ्या टपालातून तो पसरू शकत नव्हता. मागासलेपणाने दिलेले हे संरक्षण फार काळ टिकणारे नव्हते. ८ मे १९८९ रोजी भारताचे ‘.इन’ हे क्षेत्रनाम जागतिक नोंदीत आले आणि त्याचा कारभार एन.सी.एस.टी.कडे राहिला. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ ने सुरू होणारा पत्त्यांचा संच मिळाला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दरम्यान ९.६ किलोबिट क्षमतेची कायम लाइन आली. १९९२ मध्ये जुहूहून व्हर्जिनियाला ६४ किलोबिटचा दुवा सुरू झाला. आधीच्या क्षमतेवर दहा लाख अक्षरांची फाइल जायला चौदा मिनिटे लागत. ती आता दोन मिनिटांत जाऊ लागली. आणि जगातील कोणीही जुहूचे दार त्याच क्षणी ठोठावू शकेल, अशी स्थिती आली.

कायम जोडणीबरोबर निदानाची नवी साधने आली. माइक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही आज्ञा समोरच्या यंत्राला केवळ हाक मारते आणि ओ येण्यास किती वेळ लागला ते मोजते. व्हॅन जेकबसन यांची ‘ट्रेसरूट’ वाटेतील प्रत्येक थांब्याला उत्तर द्यायला लावते. या साधनांमुळे मधली लाइनसुद्धा, जी आजवर केवळ टेस्ट डेस्कला दिसे, सामान्य विद्यार्थ्याच्या पडद्यावर निदान सावलीसारखी दिसू लागली. पवईतील विद्यार्थ्याला आपले पत्र मुंबईत अडले आहे की अटलांटिकपलीकडे, हे कोणाची परवानगी न घेता कळू शकत होते. हा काळ अल्पायुषी ठरला. पुढे अनेक संस्थांनी सुरक्षिततेच्या कारणास्तव अशा हाकांना ओ देणे बंद केले. त्यांचे कारण खोटे नव्हते. पण निदानाचा जो अधिकार सर्वांना फुकट लाभला होता, तो त्यामुळे आटला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

ग्राहकाचे पुनरागमन

१९९५ नंतर उपनगरातील घरोघरी मोडेम पोहोचला, आणि त्याबरोबर जुना तक्रारदारही परत आला. आता पक्ष तीन होते. मोडेम ग्राहकाचा, तार महानगर टेलिफोन निगमाची, सर्व्हर विदेश संचार निगमाचा. फोन लागूनही जोडणी तुटली, तर दोष तिघांपैकी कोणाचाही असू शकत होता आणि तिघांनाही तो दुसऱ्याकडे दाखवणे शक्य होते. जुहू-पवई दुव्यावर दोन्ही टोकांच्या नोंदी पाहू शकणारी माणसे परस्परांना ओळखत होती. येथे सर्व्हरची नोंद ग्राहकाला दिसत नव्हती, आणि एक्स्चेंजचे माप तर त्याला कधीच दिसले नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादारांना क्षेत्र खुले झाले, तेव्हा स्पर्धा आली, दर उतरले. पण सर्व्हरची नोंद ग्राहकाच्या पडद्यावर आली नाही.

दुसऱ्या बाजूने, निदानात प्रवीण असलेल्या संस्थाही दारांबाबत निष्काळजी राहू शकतात, हे उपनगराच्याच पूर्व टोकाला दिसून आले. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर, जून महिन्यात, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये ‘मिलवर्म’ नावाचा परदेशी किशोरवयीनांचा गट शिरला. त्यांनी तेथील टपाल उतरवून घेतले आणि काही सर्व्हरवरील माहिती पुसली. सेंडमेलमधील एक परिचित छिद्र त्यांच्या उपयोगी पडले आणि त्याची नवी आवृत्ती केंद्राने बसवलेली नव्हती, हे केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नंतर मान्य केले. ज्या कार्यक्रमाच्या उघड्या दाराने १९८८ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठे हादरली, त्याच कार्यक्रमाचे दुसरे दार दहा वर्षांनी देशाच्या अणुकेंद्रात उघडे आढळावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. गुंतागुंतीचा कार्यक्रम एकदा नीट चालू लागला की त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही, हेच दोन्ही वेळचे कारण होते.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ४३ ने मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे भरपाईस पात्र ठरवले. कायद्याच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु दुसऱ्याच्या सर्व्हरला ‘तुझे काय बिघडले आहे?’ असे विचारणे ही जी १९८० च्या दशकातील शेजारधर्माची कृती होती, ती आता परवान्याचा विषय झाली. याच सुमारास सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांनीही निदानाची जागा बदलली. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एच.पी. आणि एन.ई.सी. यांनी ‘आय.पी.एम.आय.’ हे मानक मांडले. त्यानुसार सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक छोटा स्वतंत्र संगणक बसू लागला. मुख्य यंत्र बंद पडले तरी तो जागा असतो, तापमान, पंखे आणि वीजपुरवठा यांची नोंद ठेवतो आणि यंत्र दुरून बंद-चालू करू देतो. ज्या मार्गाचे निदान करायचे त्याच मार्गावर निदान अवलंबून नसावे, हे तत्त्व त्यामागे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील वीज व टेलिफोन ठिकठिकाणी ठप्प झाले, तेव्हा तत्त्व आणि वास्तव यांतील अंतर कळून आले. दोन्ही मार्ग एकाच पाण्याखाली होते. पुढे २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की, हे छोटे संगणक कारखान्यातून आलेल्या संकेतशब्दांसह इंटरनेटवर मोठ्या संख्येने उघडे पडलेले आहेत. १९८३ मधली प्रश्नचिन्हांची रांग तीस वर्षांनी विसरली गेली होती.

एन.सी.एस.टी.चे २००३ च्या सुमारास सी-डॅकमध्ये विलीनीकरण झाले, आणि जुहूचे केंद्र सी-डॅकचे मुंबई केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. १ जानेवारी २००५ पासून ‘.इन’ची नोंदणी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे गेली आणि क्षेत्रनामे सर्वांना खुली झाली. तोपर्यंत देशभरात अशी नामे काही हजारच होती. क्षेत्रनामाच्या नोंदीत एक ‘तांत्रिक संपर्क’ असे : त्या सर्व्हरची निदान-अवस्था उघडण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे नाव, पत्ता आणि टेलिफोन क्रमांक. कोणाचे पत्र अडले तर त्याने त्या माणसाला फोन करावा, ही अपेक्षा होती. मे २०१८ मध्ये युरोपीय संघाचा विदा-संरक्षण नियम लागू झाला, आणि जगभरच्या बहुतेक सार्वजनिक नोंदींतून हे नाव व हा क्रमांक झाकले गेले.